धाकट्याची तीन बोटं

बाजारामागच्या रस्त्यावर, टायरवाला आणि काचवाला यांच्या मधल्या गाळ्यात दादाचं गॅरेज होतं. दादा हे त्याचं नाव नव्हे. त्याला दादा म्हणायचा हक्क असलेला माणूस जगात एकच, त्याचा धाकटा भाऊ. पण तो दिवसातून शंभरदा इतक्या मोठ्यानं हाक मारायचा, की ऐकून ऐकून टायरवाला दादा म्हणू लागला, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी वयानं दहा वर्षांनी थोर असलेले बँकेतले निवृत्त साहेबसुद्धा दारात गाडी लावून "दादा आहेत का?" असं विचारू लागले. भावाला मात्र सगळे धाकटाच म्हणत. पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, तरी धाकटा तो धाकटाच.

धाकट्याला जाऊन अकरा महिने झाले होते. एका सकाळी न्याहारीच्या वेळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दादानं लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "दिवसभर बिघडलेल्या वस्तूंत असतो. एखादीच्या गळ्यात बिघडलेला माणूस कशाला बांधू?" लोक हसायचे आणि विषय मिटायचा. गॅरेजच्या वरच्या खोलीत एक खाट, एक शेगडी, दोन पातेली एवढाच त्याचा संसार. पण रविवारी दुपारी तो न चुकता धाकट्याकडे जेवायला जायचा. तिथं त्याची खुर्ची ठरलेली, खिडकीकडे पाठ करून. धाकटा गेल्यावर पहिल्याच रविवारी दादा संकोचानं गेला नाही, तर भावजयीचा फोन आला. "दादा, ताट मांडलंय. ते नाहीत म्हणून तुम्हीही नाही, असं करू नका." तेव्हापासून पुन्हा नेम सुरू झाला. तिघं जेवायची: दादा, भावजय आणि पुतणी.

ही पुतणी भूजल मोजणाऱ्या खात्यात होती. महिन्याचे वीस दिवस ती डोंगरपठारावर फिरायची, विहिरी आणि बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजायची, वह्या भरायची. खात्याची गाडी जिथं हात टेकायची तिथून पुढे ती बापाची जीप न्यायची. चारही चाकांना जोर देणारी ती जुनी जीप दोघा भावांनी भंगारातून उचलून उभी केली होती. धाकट्यानं ती जन्मभर वापरली आणि आता ती लेकीकडे आली होती.

एका मंगळवारी सकाळी पुतणी जीप घेऊन गॅरेजात आली. उतरली, मागचं फळकुट उघडलं आणि दोन खोके काढून दादाच्या टेबलावर ठेवले.

"काका, पंखे आणलेत. विजेवर चालणारे. पुढचा तो जुना पंखा काढून टाकायचा आणि हे बसवायचे."

दादा कापडानं हात पुसत होता. तो पुसतच राहिला.

"त्याला काय झालं?"

"त्याला काही झालं नाही, इंजिनाला होतं. चढावर पहिल्या गिअरात तासतासभर रांगत जायचं म्हणजे इंजिन हळू फिरतं. इंजिन हळू, म्हणजे पंखाही हळू. नेमका वारा हवा तेव्हाच वारा नाही. काटा लाल घरात जातो आणि मी दगडावर बसून राहते, पाणी निवायची वाट बघत. गेल्या महिन्यात तर ओढा ओलांडताना पाणी बंपरपर्यंत आलं. पंखा पाण्यात फिरला, पातं वाकलं आणि जाळीला घासलं. हे बघा."

तिनं बॉनेट उचललं. रेडिएटरच्या जाळीवर कोयरीसारखा वाकडा ओरखडा उठला होता. पातं अजून चार सूत वाकलं असतं तर जाळी फाटून सगळं पाणी ओढ्यात गेलं असतं आणि पोर तिथंच अडकली असती. दादाला हे एका नजरेत कळलं. पण तो म्हणाला, "पुढच्या चौकात ते नवीन गॅरेज झालंय ना, ती पोरं हे विजेबिजेचं बरं करतात."

"घरचा वैद्य सोडून मी गावभर नाडी दाखवत फिरू होय? आणि वायरिंग मी करणार आहे, बाबांनी शिकवलंय. तुम्ही फक्त लोखंडाचं बघा."

आता नाही कसं म्हणणार? त्यानं पाना उचलला.

हा जुना पंखा म्हणजे साधं प्रकरण. पाण्याच्या पंपाच्या कप्पीवर चार बोल्टांनी आवळलेली चार पोलादी पाती. इंजिनाचा पट्टा कप्पी फिरवतो, कप्पी पंखा फिरवते. किल्ली फिरली की पंखा फिरला. त्याला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही. एकतीस वर्षांत दादानं या जीपचा क्लच बदलला होता, ब्रेक बदलले होते, गिअरबॉक्स तीनदा उतरवला होता. पण त्या चार बोल्टांना त्यानं कधी पाना लावला नव्हता. पट्टा बदलायची वेळ आली की त्याला हटकून बाजारात काहीतरी आणायचं असायचं. परत येईपर्यंत धाकट्यानं पट्टा बदललेला असायचा, उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्यानं आणि करंगळीनं.

मधली तीन बोटं या पंख्यानं नेली होती.

ही हकिकत बाजारातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ होती. धाकटा तेव्हा चोवीस वर्षांचा. हात असे, की दोन पत्र्यांतली फट नुसतं बोट फिरवून सांगायचा, मग माप लावून बघावं तर केसाचा फरक नाही. लेथवर बसला की टायरवाला दुकान सोडून बघायला यायचा. एका मोठ्या कारखान्याच्या, बारीक मापाची हत्यारं घडवणाऱ्या टूलरूमनं त्याला निवडलं होतं आणि पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. गॅरेजात एक नियम होता. किल्लीवर बसलेल्यानं "हात?" असं विचारायचं आणि बॉनेटखालच्यानं "बाहेर!" म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. त्या दिवशी धाकटा पट्टा ताणत होता. दादानं विचारलं, "हात?" धाकटा म्हणाला, "बाहेर!" आणि मग काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, पुन्हा हात घातला. अशी ती हकिकत. पुढे गॅरेजात जो कोणी नवीन शिकायला येई त्याला टायरवाला हीच सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "कला होती रे हातात, पण लक्ष नव्हतं."

कारखान्याची नोकरी अर्थातच गेली. धाकटा डाव्या हातानं लिहायला शिकला, गॅरेजात सुट्या भागांचं कपाट सांभाळू लागला, हळूहळू पुन्हा पाने धरू लागला. पण गिऱ्हाइकं कुजबुजायची, "दादा, तुम्ही स्वतः बघा हं. धाकट्याकडे नका देऊ. ज्याला स्वतःचा हात सांभाळता आला नाही तो गाडी काय सांभाळणार!" दादा ते ऐकायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "बघतो मीच."

दुपारपर्यंत जुनं सगळं उतरलं. पट्टा सैल केला, चार बोल्ट सोडले. तीन सहज निघाले. चौथ्याला तेल पाजून अर्धा तास वाट बघावी लागली. पंखा हातात आला तेव्हा तो दादाला वाटला होता त्यापेक्षा हलका लागला. त्यानं तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पट्टा पंपासाठी पुन्हा चढवला. जाळीचं माप घेतलं, ॲल्युमिनियमच्या पत्र्यात दोन गोल कापले, कडा कानशीनं घासल्या. पुतणी म्हणाली, "पंख्यांबरोबर प्लास्टिकच्या पट्ट्या दिल्यात, जाळीतूनच ओवून बांधा म्हणतात." दादा पहिल्यांदा जरा हसला. "जाळीतून ओवलेली पट्टी म्हणजे मंद करवत. हादऱ्याहादऱ्यानं नळी कापते. पत्रा चौकटीला आवळू, जाळीला हात लावायचा नाही." दोन्ही पंखे शेजारी शेजारी पत्र्यात बसले. जाळीच्या मागून, इंजिनाच्या बाजूनं, हवा ओढून घेणारे.

मग पुतणीचं काम सुरू झालं. प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले, बॅटरीपासून जाड तार. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी तापमान ओळखणारा खटका: ब्याण्णवला एक पंखा, सत्त्याण्णवला दुसरा. आणि डॅशबोर्डवर एक बटण, ओढ्यात शिरण्याआधी दोन्ही पंखे बंद करायला. जुना डायनॅमो एवढ्या ओझ्याला पुरणार नाही म्हणून तिनं मोठाही आणला होता. तिचे हात चालत होते आणि दादा बघत होता. तार सोलताना मनगट जरासं वळवायची तिची लकब थेट धाकट्याची, बोटं असतानाच्या धाकट्याची.

"ही तार थेट बॅटरीवरून घेते," ती म्हणाली. "म्हणजे किल्ली काढली तरी इंजिन गरम असेपर्यंत पंखे फिरत राहतील. दोन मिनिटं वारा मिळाला की इंजिनाला बरं."

"नको."

"का? नव्या गाड्यांत असंच असतं."

"असू दे. किल्लीवरून घे. किल्ली काढली की समोर काही फिरायचं नाही. कोणीतरी बॉनेट उघडून हात घालेल आणि खटका आपोआप पडेल."

"काका, कोण घालणार हात? मीच असते तिथं. मी काही बाबांसारखी नाही, बाहेर म्हणायचं आणि आत हात घालायचा." ती प्रेमानंच म्हणाली. घरात हा विनोद जुना होता. धाकटा स्वतःसुद्धा त्यावर हसायचा.

दादा स्टुलावर बसला. 

"तो बाहेर म्हणालाच नव्हता," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"मी विचारलंच नव्हतं."

पुतणीनं मान वर केली.

"मी हाक मारली नाही. खिडकीशी एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, गाडी कधी मिळणार, गाडी कधी मिळणार. मी त्याच्याकडे तोंड करून म्हणालो, एवढी आमची जीप झाली की तुझीच, ही बघ, आत्ता सुरू होते. आणि किल्ली फिरवली. तुझा बाप समोर वाकलाय हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि त्या क्षणी डोक्यात नव्हतं."

 दादाला आता थांबता येत नव्हतं.

"दवाखान्यात आई आली. मी तोंड उघडणार तोच हा खाटेवरून म्हणाला, दादानं विचारलं होतं गं आई, मीच बाहेर म्हणालो आणि परत हात घातला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता त्याच्या. तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, असं का केलंस? तर म्हणाला, तुझं नाव गेलं तर गॅरेज जाईल, मग आईनं कोणाकडे बघायचं? माझी बोटं गेली ती गेली. त्यापायी घर कशाला घालवायचं?"

"आणि नंतर?"

"नंतर त्याचं लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, निदान तुझ्या आईला खरं सांगू. नको म्हणाला. आमची आई गेली तेव्हा म्हटलं, आता तरी. तर म्हणाला, आता सांगितलंस तर आईच्या तोंडावर मी खोटं बोललो असं होईल, राहू दे. तू कॉलेजात गेलीस तेव्हाही म्हटलं." दादानं हातातल्या कापडाकडे बघितलं. "दर वेळी तो नको म्हणाला. आणि दर वेळी मला बरं वाटलं. हे खरं आहे, पोरी. हायसं वाटायचं मला."

काचवाल्याच्या दुकानात काच कापल्याचा आवाज येत होता. पुतणी बराच वेळ बॉनेटच्या कडेला हात टेकून उभी राहिली. मग तिनं तारेचं टोक बॅटरीपासून सोडवलं आणि किल्लीच्या बाजूला नेऊन जोडलं. दादा म्हणाला होता तसं. 

सगळं आवळून झाल्यावर चाचणी घ्यायची होती. दादा किल्लीवर बसला. ती समोर वाकून वायर चिमट्यात बसवत होती.

"हात?" दादानं विचारलं. मग मान बाहेर काढून पुन्हा विचारलं. "हात?"

तिला ऐकू गेलं होतं. तरी ती तशीच राहिली. दादा किल्लीवर बोटं ठेवून वाट बघत होता. घामानं किल्ली ओली झाली.

"बाहेर," ती शेवटी म्हणाली.

इंजिन सुरू झालं. काटा चढत गेला. सत्तर, ऐंशी, नव्वद. ब्याण्णवला पहिला पंखा घोंगावत उठला. पुतणीनं जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरून सोडला, तो सपकन जाळीला चिकटून राहिला. म्हणजे हवा बरोबर दिशेनं ओढली जात होती. काटा थबकला आणि दोन घरं खाली आला. एरवी अशा वेळी गॅरेजात टाळी पडायची, चहा यायचा. दोघं नुसती काट्याकडे बघत राहिली.

जाताना ती गाडीत बसून म्हणाली, "आईला माहीत नाही ना?"

"नाही."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

रविवार यायला पाच दिवस होते. ते दादानं कसे काढले ते त्यालाच माहीत. रविवारी तो गेला तेव्हा पुतणी घरात नव्हती. मुद्दामच गेली असावी. भावजयीनं ताट मांडलं होतं. दादा खुर्चीवर बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. पुतणीला सांगितलं होतं तसंच, कमीजास्त न करता.

भावजय वाढण्याचा चमचा हातात धरून ऐकत होती. ती रडेल, ओरडेल, चालते व्हा म्हणेल, असं काय काय दादा वाट चालताना मनात घोळवून आला होता. यातलं काहीच झालं नाही. तिनं चमचा भांड्यात ठेवला आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी त्यांना बोलले, दादा."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला नाही माहीत. रविवारी एक वेळ जेवायला येणाऱ्या माणसाला काय माहीत असणार! हातून काही पडलं की मी बोलायचे. दूध उतू गेलं तरी बोलायचे. पोरीला सायकल शिकवायला निघाले, तर मी म्हटलं, नको, तुम्ही नको, तुमचं लक्ष नसतं. बिचारे दारातून परत फिरले. शेजारच्याला शिकवायला लावलं मी." तिनं श्वास घेतला. "आणि त्या दिवशी सकाळी. त्यांच्या हातून कप पडला. चहा सगळा फरशीवर. मी ओट्याशी होते, वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, लक्ष कुठं असतं हो तुमचं? पुसायचं फडकं घेऊन वळले तेव्हा ते छाती धरून खाली बसले होते. मी शेवटचं बोलले ते हे. शेवटचं त्यांच्या कानावर पडलं ते हे."

दादानं खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"एकदा तरी सांगायचंत," ती म्हणाली. "ते नको म्हणत होते. ते म्हणणारच. त्यांचा स्वभावच तो. पण तुम्हाला तोंड होतं ना? ते जिवंत असताना कधीही, एखाद्या रविवारी, याच टेबलाशी. मी त्यांची माफी मागितली असती. आता कोणाची मागू?"

मग ती ताटाकडे वळली. दादाच्या ताटातलं जेवण तिनं एकेक करून डब्यात भरलं, झाकण लावलं, डबा पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"हे घेऊन जा. उपाशी पाठवणार नाही. पण इथं बसून जेवू नका."

दादा डबा घेऊन चालत गॅरेजवर आला. वरच्या खोलीत डबा समोर ठेवून संध्याकाळपर्यंत बसला. टाकवेना आणि खाववेना. शेवटी त्यानं तो खाल्ला, गार झालेला, कारण टाकणं त्याहून वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून डबा त्यानं टायरवाल्याच्या बायकोबरोबर परत पाठवला.

त्यानंतर त्याच्या मनानं घेतलं, की निदान बाजारात तरी धाकट्याचं नाव धुऊन काढायचं. पहिल्यांदा तो टायरवाल्याकडे गेला. म्हणाला, "तू ती गोष्ट सांगतोस ना सगळ्यांना, ती खोटी आहे. लक्ष माझं नव्हतं." टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे दादा. किती वर्षं झाली! कोणाच्या लक्षात आहे आता?"

"तुझ्याच लक्षात आहे. तूच सांगतोस."

"तोंडाला सवय लागलीय म्हणून सांगतो. नाही सांगणार." आणि त्यानं ट्यूब फिरवली.

बँकेतले साहेब म्हणाले, "हो का? मला वाटायचं जन्मापासूनच त्यांचा हात तसा होता." ज्या गिऱ्हाइकानं सगळ्यात आधी 'धाकट्याकडे देऊ नका' म्हटलं होतं, त्याला दादानं घरी जाऊन गाठलं. आपण असं कधी म्हणालो हे त्याला आठवतच नव्हतं. उलट त्यानं दादाला पाणी दिलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "भाऊ गेल्यावर माणसाला असं होतं. स्वतःला दोष देऊ नका." दादा रस्त्यात येऊन उभा राहिला. ज्या शब्दांनी भावाचा जन्म पोखरला ते बोलणारे केव्हाच विसरून गेले होते. आता माफ करायला कोणी नव्हतं आणि शिक्षा करायलाही. एक धाकटाच तेवढा ते रोज ऐकत होता, आणि तोही हसून.

पुतणीची जीप पठारावर नीट चालत होती. तिनं दर महिन्याला तेल बदलायला गाडी आणायचं सोडलं नाही, पण बोलणं गाडीपुरतंच उरलं. चढावर काटा चौऱ्याण्णवच्या वर जात नाही. ओढ्यात बटण दाबते, पंखे थांबतात. एका फ्यूजची जागा गरम होते, बघा जरा. दादा बघायचा. काका म्हणायचं तिनं बंद केलं नव्हतं. पण पूर्वी ती हाक गाडीतून उतरायच्या आधीच यायची, आता काम सांगताना मध्येच कुठंतरी यायची. रविवारचं ती काही बोलत नव्हती. दादाही विचारत नव्हता. रविवारी तो गॅरेज उघडं ठेवू लागला.

चार महिन्यांनी एका दुपारी भावजयीचा निरोप आला. त्यांची हत्यारं घरात पडली आहेत, येऊन घेऊन जा. दादा गेला. दार उघडं होतं. लाकडी पेटी उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर काढून ठेवली होती. म्हणजे आत यायचं नाही हे त्याला उमगलं. त्यानं पेटीला हात घातला, तोच भावजय दारात आली. वाळली होती. केस विंचरलेले, पण चेहऱ्यावर कित्येक रात्रींचं जागरण.

"दादा, एक विचारायचंय."

तो पेटी ठेवून उभा राहिला.

"त्यांना फार दुखलं होतं का? तेव्हा?"

दादाला प्रश्न लगेच कळला नाही.

"मी त्यांना कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "चूक त्यांची होती ना, मग काय विचारायचं? हात बघितला की मला रागच यायचा. दुखलं किती, ओरडले का, कोणी धरलं त्यांना, दवाखान्यात किती दिवस होते, रात्री झोप लागायची का, मला काहीच माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं त्या हाताशेजारी झोपले मी. आता सांगणारे तुम्हीच एक उरलात. मला तुमचं तोंड बघवत नाही. पण मला सगळं ऐकायचंय."

ती उंबऱ्यावर बसली. दादा दोन पायऱ्या सोडून खाली बसला, तिच्याकडे पाठ होईल असा, म्हणजे तिला तोंड बघावं लागणार नाही.

"ओरडला नाही," त्यानं सुरुवात केली. "आधी नुसता बघत राहिला हाताकडे. मग मला म्हणाला, दादा, इंजिन बंद कर. मला तेवढंही सुचलं नव्हतं. मी धावत पुढे आलो होतो आणि इंजिन चालूच होतं."

"मग?"

"मग मी माझा सदरा काढून गुंडाळला. काचवाल्यानं त्याची गाडी काढली. गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत एकदाच ओरडला, खड्ड्यातून गाडी गेली तेव्हा."

"कोणाच्या नावानं?"

"आईच्या."

भावजयीनं पदर तोंडाशी धरला, पण ती म्हणाली, "सांगा पुढे."

तो सांगत गेला. बोटं पुन्हा जोडता येतील का असं धाकट्यानं डॉक्टरांना कसं विचारलं. पहिले आठ दिवस नसलेल्या बोटांना खाज सुटायची आणि तो हवेत खाजवायचा, ते. डाव्या हातानं पहिल्यांदा सही केली तेव्हा ती आईला दाखवायला कसा घरभर फिरला, ते. कारखान्याचं पत्र त्यानं फाडलं नाही, कपाटाच्या कागदाखाली ठेवलं, ते. ऊन पायरीवरून सरकत भिंतीवर गेलं. मध्ये एकदा ती आत गेली. दादाला वाटलं, संपलं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, स्वतः प्यायली आणि पुन्हा तिथंच बसली.

"सायकल शिकवायला निघाले होते त्या दिवशी," तिनं विचारलं, "गॅरेजवर आले होते का नंतर?"

"आला होता. सायकल शिकवायची म्हणून सुट्टी सांगून गेला होता, आणि तासाभरात परत."

"काय म्हणाले?"

 खोटं सांगणं सोपं होतं, आणि ऐकणारीला बरंही वाटलं असतं.

"काही म्हणाला नाही," तो म्हणाला. "कपाटातले सगळे बोल्ट खाली ओतले आणि मापानुसार पुन्हा लावत बसला. संध्याकाळपर्यंत."

ती रडली ती तेव्हा. दादा वळला नाही. ती रडून थांबेपर्यंत तो पायरीवर तसाच बसून राहिला, आणि मग तिनं पुढचं विचारलं.